लिहिलेली मागणी आणि दाखवलेली मागणी

करजण हा वडोदरा जिल्ह्यातला, कानम पट्ट्यातला कापसाचा तालुका. समजा, तिथे कापसाची आवक नोंदवणारे सॉफ्टवेअर करायचे आहे. मागणीपत्रात लिहिले जाते, 'वजन झाल्यावर पावती लगेच मिळावी.' शेतकरी समजतो, भरलेली गाडी काट्यावर चढली की. प्रोग्रामर समजतो, माल उतरवून रिकाम्या गाडीचे वजन झाल्यावर.

हा घोळ दोन मिनिटांच्या व्हिडिओने मिटतो. गाडी चढते, वजन पडते, माल उतरतो, गाडी पुन्हा काट्यावर येते. पावती कुठे निघावी, तिथे व्हिडिओ थांबवून बोट ठेवता येते. सोबत गुजरातीत निवेदन असेल तर वाचता न येणारा माणूसही चूक दाखवतो. मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आधी दाखवून मग ठरवण्याची ही युक्ती जुनीच. आयबीएमने 1980च्या दशकात बोललेले टाइप करणाऱ्या यंत्राचे आधी फक्त सोंग उभे केले. आड बसलेला टंकलेखकच ऐकून टाइप करत होता! लोकांना काय चालेल, ते यंत्राआधीच कळले.

सॉफ्टवेअरच्या पडद्यांचे नमुने मात्र कच्चे, हाताने काढलेले असावेत. चकचकीत नमुन्यात बदल सुचवायला लोक कचरतात. आणि वीज गेल्यावर अर्धवट नोंदीचे काय करायचे, हे दाखवणे कठीण, म्हणून ते शब्दांतच लिहून घ्यावे.