आज्ञावलीची पाठपरंपरा : 'गिट' या साधनाचा परिचय

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पूर्णत्वास गेले. या कार्यातील मुख्य अडचण अभ्यासकांस परिचित आहे. हस्तलिखिते विपुल होती. परंतु कोणत्या लेखनिकाने कोणत्या प्रतीवरून नक्कल केली, कोणता श्लोक केव्हा व का घातला, याची नोंद नव्हती. ती वंशावळ संपादकांना पाठभेदांच्या तुलनेवरून अनुमानाने सिद्ध करावी लागली. अनेकांचा हात लागणाऱ्या संहितेची अशी वंशावळ बदल घडतानाच नोंदविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर आज संगणकाच्या क्षेत्रात पाहावयास मिळते.

संगणकाची आज्ञावली हीही एक संहिताच होय. मुक्तस्रोत आज्ञावली कोणासही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळी असते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सच्या रचनेत परस्परांस अपरिचित अशा हजारो व्यक्तींनी भर घातली आहे. बदलांची नोंद ठेवणारी साधने पूर्वीपासून होती. बेल प्रयोगशाळेत असे एक साधन १९७२ साली तयार झाले होते. लिनक्ससाठी २००२ पासून 'बिटकीपर' हे खाजगी मालकीचे साधन वापरीत असत. त्याच्या विनामूल्य वापराची सवलत २००५ साली संपुष्टात आली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'गिट' रचावयास घेतले.

गिटमधील मूलभूत घटकास 'कमिट' म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीच्या संपूर्ण संहितेचा व तिच्या पूर्वज कमिटचा निर्देश, दिनांक आणि बदलाचे कारण सांगणारी टीप असते. बदलाचा कर्ता आणि तो संहितेत समाविष्ट करणारा यांची नावे निरनिराळी नोंदविली जातात. या सर्व मजकुरावरून गणिताने चाळीस अंकाक्षरांची एक खूण काढली जाते. जुन्या कमिटमधील एक अक्षर बदलले तरी त्याची व त्याच्या सर्व वंशजांची खूण बदलते. शिवाय संपूर्ण इतिहासाची प्रत सामान्यतः प्रत्येक सहकाऱ्याजवळ असते. त्यामुळे जुन्या पाठात गुपचूप केलेला प्रक्षेप सहसा लपून राहत नाही.

एका संहितेच्या अनेक शाखा स्वतंत्रपणे वाढू शकतात व पुढे एकत्र आणता येतात. हस्तलिखितांतील शाखासंकर हा पाठचिकित्सकाचा मोठा अडथळा असतो. गिटमध्ये मात्र संकरित कमिट आपल्या दोन्ही पूर्वजांचा उल्लेख करते. एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली असल्यास गिट आपण होऊन निवड करीत नाही. दोन्ही पाठ समोर ठेवून ते थांबते. निर्णय संपादकाचाच असतो.

तथापि नोंद म्हणजे विश्वासार्हता नव्हे. 'एक्सझेड' या मुक्तस्रोत साधनात घुसविलेला चोरदरवाजा मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. तो घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त बदल करून विश्वास संपादिला होता. घातक भाग चाचणीच्या फायलींत दडविलेला होता. त्यास जागृत करणारा दुवा गिटच्या इतिहासात नव्हताच, तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या संचात होता. इतिहास ठेवला गेला तरी तो वाचणारा, आणि हाती आलेली प्रत त्याच्याशी ताडून पाहणारा, वाचक लागतोच.

भाषाभ्यासकांस हा विषय परका नाही. 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील मराठी वाक्यांचा विश्लेषित संग्रह गिटमध्येच ठेवलेला आहे. अशा संग्रहात 'मला भूक लागली' या वाक्यातील 'मला' या पदाचे विश्लेषण कोणी बदलले, तर पाठभेद गिट आपोआप दाखवील. त्यामागील विचार मात्र त्याला कळणार नाही. 'चूक दुरुस्त केली' एवढीच टीप पुढील संशोधकास निरुपयोगी ठरते. 'हे पद कर्म नसून अनुभव घेणाऱ्याचे वाचक आहे, म्हणून बदल केला' अशी टीप असल्यास त्यास मतभेदही साधार मांडता येतो. बदलाचे कारण लिहिण्याची ही शिस्त विद्यार्थ्यांनी पहिल्या कमिटपासूनच अंगी बाणवावी, हे उचित होय.