खानाने चेकॉव्हला ओळखले कसे?

कथेतील विसंगती शोधणारा वाचक हा कथेचा शत्रू, असा एक समज रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. पुराणिकबुवांना मध्येच थांबवून ‘बुवा, पण त्या वेळी भीष्म होते कोठे?’ असे विचारणारा श्रोता, खांबाला टेकून डुलक्या घेणाऱ्या श्रोत्यापेक्षा कथेवर अधिक प्रेम करीत असतो. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते याच जातकुळीतले. १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग दाखविले गेले. ती बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागताच चाहत्यांनी पत्रांचा भडिमार केला आणि तिसरे वर्ष तिच्या वाट्याला आले. पुढे आपल्या दूरदर्शननेही ती दाखविली. टोकदार कानांचा स्पॉक आमच्या पिढीतील पुष्कळांस आठवत असेल. तिच्यातील एकाच भागावर हे चाहते अर्धशतकाहून अधिक काळ वाद घालीत आले आहेत.

‘स्पेस सीड’ हा तो भाग, १६ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रक्षेपित झालेला. कप्तान कर्कच्या ‘एन्टरप्राइझ’ यानाला अवकाशात भरकटलेले एक जुनाट यान सापडते. आत सुमारे दोनशे वर्षे गोठवून निजविलेली माणसे. त्यांचा पुढारी खान नूनियन सिंग. हा उत्तर हिंदुस्थानातील, बहुधा शीख, असा तर्क यानावरील इतिहासज्ञ बाई करतात. नाव खानही आणि सिंगही, चेहऱ्यावर दाढी नाही, पगडी केवळ एका चित्रात, आणि भूमिका करणारे रिकार्डो मोन्टालबान जन्माने मेक्सिकोचे! आपल्याकडील वाचकाची पहिली शंका येथेच उभी राहील. असो. हा खान प्रयोगशाळेत घडविलेला अतिमानव असून त्याने १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर राज्य केले, असे मालिका सांगते. तो यान बळकावतो, कर्क ते परत मिळवितो आणि खानाला अनुयायांसह एका ओसाड ग्रहावर वसविण्यात येते.

पंधरा वर्षांनी, १९८२ साली, निकोलस मेयर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट आला. त्यात खान चेकॉव्ह नामक अधिकाऱ्यास पाहताक्षणी ओळखतो. आता गंमत अशी, की चेकॉव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग मालिकेत आले ते दुसऱ्या वर्षी. ‘स्पेस सीड’ पहिल्या वर्षातला. मग ओळख झाली केव्हा?

चाहत्यांनी या प्रश्नावर खर्च केलेली बुद्धी पाहून आम्ही थक्क झालो. पूर्वपक्ष म्हणतो, ही उघड चूक आहे. उत्तरपक्ष म्हणतो, चारशे-सव्वाचारशे माणसांच्या यानात प्रत्येक जण पडद्यावर दिसलाच पाहिजे असे कोठे आहे? चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीत चेकॉव्ह त्या वेळी रात्रपाळीवर होता असा खुलासा आहे. कोनिग स्वतः थट्टेने सांगत, की चेकॉव्हने खानाला स्वच्छतागृहाच्या दाराशी फार वेळ तिष्ठत ठेवले होते, म्हणून तो चेहरा खानाच्या लक्षात राहिला. पण सर्वांत सुंदर पुरावा कालगणनेचा. मालिकेत प्रसंगांना ‘तारकादिनांक’ दिलेले असतात. ‘स्पेस सीड’चा दिनांक ३१४१.९. दुसऱ्या वर्षी दाखविलेल्या ‘कॅट्सपॉ’ या भागात चेकॉव्ह यानावर हजर आहे, आणि त्याचा दिनांक आहे ३०१८.२. म्हणजे प्रक्षेपण नंतरचे, पण घटना आधीची! एवढी बारकाईने नोंद ठेवणारा विद्यार्थी वर्गात लाभला, तर कोणताही शिक्षक स्वतःला धन्य मानील.

ही परंपरा नवीन नव्हे. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉक्टर वॉटसनची लढाईतील जखम १८८७ साली खांद्याला असते आणि १८९० साली पायात उतरते. त्यावर विद्वानांनी हसत हसत गंभीर निबंध लिहिले. योगायोग असा, की या मेयरसाहेबांनीही १९७४ साली होम्सवर एक कादंबरी लिहिली होती.

दुसरा वाद सनांचा. १९९६ साल आले आणि गेले. कोणी अतिमानव जगावर राज्य करताना दिसला नाही. ग्रेग कॉक्स या लेखकाने २००१ व २००२ साली दोन कादंबऱ्या लिहून ती युद्धे गुप्तपणे घडली असे दाखविले. २०२३ साली नव्या मालिकेच्या एका भागाने दुसरा मार्ग धरला. कालप्रवाशांच्या ढवळाढवळीमुळे इतिहास पुढे ढकलला गेला, असे सांगून बाल खानाला थेट एकविसाव्या शतकातील टोरांटोत आणून बसविले. यावरून चाहत्यांत दोन तट आहेत. आमचे मत जुन्या तटाकडे झुकते. १९६७ साली ज्या पिढीने वंशशुद्धीच्या नावाखाली झालेला संहार ताजा पाहिला होता, तिला तीस वर्षांपलीकडे तोच राक्षस पुन्हा उभा दिसला. त्या भीतीची तारीख खोडून नवी घालण्यात काय साधले?

आमच्या दृष्टीने सनावळीतील भोके क्षम्य आहेत. माणसाच्या वागण्यातील भोक क्षम्य नाही. आणि तसे एक ‘स्पेस सीड’मध्ये आहे. नुकताच जागा झालेला हा अनोळखी पाहुणा रुग्णशय्येवरून यानाची तांत्रिक माहिती वाचावयास मागतो आणि कर्क ती सहज देऊन टाकतो! घरात पाऊल टाकणाऱ्या परक्याच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यापैकीच हे. कोणी म्हणतात, हा त्या सुखी शतकाचा भाबडेपणा. कोणी म्हणतात, हा कर्कचा फाजील आत्मविश्वास. दुसरे उत्तर आम्हांस पटते, कारण पुढील कथा त्यालाच दुजोरा देते.

भागाच्या शेवटी स्पॉक म्हणतो, की येथे पेरलेल्या बीजातून शंभर वर्षांनी काय उगवले ते पाहावयास मिळाले तर मौज वाटेल. चाहत्यांनी रास्त विचारले, शंभर राहोत, पंधरा वर्षांत तरी कोणी का डोकावले नाही? चित्रपटकर्त्यांनी हे भोक बुजविले नाही. त्यातच कथेचा खांब रोवला. शेजारचा ग्रह सहा महिन्यांतच फुटून खानाच्या ग्रहाचे वाळवंट झाले, त्याची पत्नी व अनेक सोबती मेले, आणि कर्कने कधीच विचारपूस केली नाही, हीच खानाची फिर्याद आहे. प्रेक्षकाची शंका खलनायकाच्या तोंडी आली, आणि म्हणून त्याचा सूड केवळ दुष्टपणाचा वाटत नाही.

मात्र त्याच फुटलेल्या ग्रहाने नवा वाद जन्मास घातला. ‘रिलायंट’ हे यान सूर्यमालेत शिरते आणि पाचव्या ग्रहाला सहावा समजून त्यावर माणसे उतरविते. एक अख्खा ग्रह नाहीसा झाल्याचे इतक्या मोठ्या यानावर कोणाच्याच लक्षात आले नाही? आणि खानाला तेथेच सोडले होते हे खुद्द चेकॉव्हलाही सुचले नाही? यावर अद्याप सर्वांना पटेल असे उत्तर कोणी दिलेले नाही, आणि चाहते अजून मोजदाद करीतच आहेत.