मधुमेह : आहार आणि औषध (लेखांक ७) – कारल्याचा रस आणि सकाळची गोळी

श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि दिगंबर जैनांच्या जुन्या भट्टारक-पीठांचे गाव असलेल्या कारंजा लाड येथे व्रत-उपवासांची परंपरा मोठी आहे, आणि वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे येथेही कारले, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड हे मधुमेहावरचे घरगुती उपाय परिचयाचे आहेत. मागील लेखांकात गोळ्यांचे प्रकार पाहिले. या उपायांची त्या गोळ्यांशी गाठ पडल्यावर शरीरात काय घडते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय होय.

ज्वारीच्या भाकरीबरोबर अधूनमधून खाल्लेली कारल्याची भाजी हा आहार आहे. रोज अनशापोटी घेतलेला पेलाभर रस मात्र औषधच मानला पाहिजे. ग्लिमेपिराइड ही सल्फोनिलयुरिया गटातील, म्हणजे स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणारी गोळी असून, पोटात अन्न असो वा नसो, ती आपले काम करतच राहते. तिच्या जोडीला हा रस आला आणि त्याच दिवशी एकादशी किंवा दशलक्षण पर्वातील उपवास असला, तर रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून घाम, थरथर, गोंधळलेपण आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते; यालाच हायपोग्लायसेमिया म्हणतात. भाजी आणि औषध यांतील सीमाही पक्की नाही, कारण याच गटातील क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका स्त्रीची साखर कारल्याच्या रस्साभाजीने अधिक उतरल्याची नोंद 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९७९ मध्येच झाली आहे.

मेथीचे कार्य निराळे आहे. तिच्यातील विद्राव्य तंतू पाण्यात बुळबुळीत होऊन अन्नातील साखरेचे शोषण मंदावतात. त्यामुळे ती तुलनेने सौम्य ठरते, तथापि गोळीचेही शोषण रेंगाळू नये म्हणून दोहोंत अंतर ठेवणे श्रेयस्कर.

विदर्भात बिबला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विजयसाराची गोष्ट अधिक बोधक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नव्याने निदान झालेल्या ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर मोजून दिलेल्या अर्काने १२ आठवड्यांत आटोक्यात आली; परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ९.८ वरून केवळ ९.४ टक्क्यांवर आले. बिबल्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात किती अर्क उतरला, हे तर कोणीच मोजत नाही. तेव्हा त्या पाण्याच्या भरवशावर गोळी सोडणे हा जिवाशी खेळ आहे.

आणखी एक बाब घरच्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावी. अनेकांच्या एकत्रित गोळीत व्होग्लिबोज असते. ते आतड्यात खाण्याच्या साखरेचे विघटन रोखते, म्हणून अशा रुग्णाची शर्करा उतरल्यास साखर वा गूळ लवकर उपयोगी पडत नाही, त्याला ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. कोणता रस, किती आणि कोणत्या वेळी घेतला जातो, हे कागदावर लिहून पुढील तपासणीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि गोळीची मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी.