पीक बदललं म्हणून मालक बदलत नाही

केदारेश्वराच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्मापुरीचं शिवार. सोयाबीन गुडघ्याला लागलंय. शेतकरी बांधावर मोबाइल धरून उभा आहे. गट नंबर निवडायचा, पीक नि क्षेत्र भरायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा, की झाली ई-पीक पाहणी.

पूर्वी ही नोंद तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ती शेतकऱ्याच्या हाती आली आणि वर्षभरात, 1 ऑगस्ट 2022 ला, ॲपची दुसरी आवृत्तीही आली. चुकलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करायची सोय तिच्यात होती. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. फोटो त्याच गटातला आहे का, हे ताडून पाहायला गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांशही आले.

आधी कामापुरतं द्यायचं, लोकांनी वापरलं की काय अडतंय ते बघायचं आणि पुढची दुरुस्ती करायची, या रीतीला सॉफ्टवेअरवाले ‘अजाईल’ म्हणतात. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला.

पण रोज हात घालायचा, तर एक खिळा काढताना छप्पर खाली येऊ नये. त्याची तजवीज म्हणजे मॉड्यूल. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच सांगून ठेवलं होतं की, जे बदलण्याची शक्यता आहे ते एकेका कप्प्यात झाकून ठेवा. बाहेरच्यांना फक्त देवाणघेवाणीची खिडकी दिसू द्या.

हे समजून घ्यायला सातबाराच पुरे. नमुना 7 मध्ये जमिनीवरचे हक्क, नमुना 12 मध्ये पिकं. कागद एकच, कप्पे दोन. बारा हंगामागणिक बदलतो, पण सातला त्याचा धक्का लागत नाही. सातमधलं नाव बदलायचं तर नमुना 6 मध्ये फेरफार नोंदवावा लागतो आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित करावा लागतो. हीच ती खिडकी. तलाठ्याच्या दप्तरातले 1 ते 21 गाव नमुने संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून असे वेगवेगळे आहेत.

आता उलटं धरून चला. पिकांची यादी आणि मालकाचं नाव एकाच प्रोग्रॅममध्ये गुंतलेलं आहे. यादीत करडई वाढवायची, तर हक्काची नोंदही पुन्हा तपासणं आलं. अशा ठिकाणी पंधरवड्याला सुधारणा द्यायची म्हणजे पंधरवड्याला जीव टांगणीला. कप्पे नीट पाडले, पण बांधावरच्या माणसाला दोन वर्षं कुणी विचारलंच नाही, तर नेटका आराखडा तयार होतो आणि मिश्र पिकाला रकानाच नसतो.

म्हणून दूध संघापासून पतसंस्थेपर्यंत कुणीही सॉफ्टवेअर करून घेताना दोन प्रश्न विचारावेत: पहिला वापरता येणारा तुकडा कधी हातात देणार? आणि तो बदलला, तर आणखी कशाकशाला हात लावावा लागेल? दुसऱ्याचं उत्तर ‘सगळ्यालाच’ असं आलं, तर पहिल्या उत्तरातल्या तारखेवर फारसं विसंबू नये.