मनीच्या मनात चाललंय काय?

मनी कालपासून कॉटखालून बाहेर यायला तयार नाही. मोती ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि कुणीतरी सुचवतं, "ॲनिमल कम्युनिकेटरला विचारून बघा ना!" पुण्या-मुंबईत अशी मंडळी आता सहज भेटतात. प्राण्याला कुठे न्यायचीही गरज नाही. व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो, नाव, वय पाठवायचं आणि सोबत आपले प्रश्न. कम्युनिकेटर शांत बसून त्या प्राण्याच्या मनाशी संवाद साधतो आणि उत्तरं कळवतो, असा दावा असतो. या दाव्याला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. पण मुक्या जिवाला बोलतं करण्याची माणसाची हौस फार जुनी, आणि तिच्या गोष्टी एकाहून एक भारी!

पहाटेचा पिंगळा, दुपारचा नंदी

महाराष्ट्राच्या गावांत पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा यायचा. पिंगळा म्हणजे छोटं घुबड. त्याची भाषा आपल्याला कळते असं सांगून हा माणूस भविष्य वर्तवायचा. नंदीबैलवाल्याचं ढोलकं गुबूगुबू वाजू लागलं की पोरंटोरं गोळा व्हायची. "पाऊस पडेल का?" नंदीची मान हलली की पोरं खूश! ती मान हलायची मालकाच्या सरावातल्या इशाऱ्यावर.

गणित करणारा घोडा

बर्लिनमध्ये हाच खेळ शास्त्रज्ञांच्या टेबलावर पोचला. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक आणि हान्स हा त्यांचा घोडा. बेरीज विचारा, भागाकार विचारा, हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. 1904 साली तज्ज्ञांची समिती बसली. लबाडी काही सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग 1907 साली ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने गोम शोधली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स हमखास चुकायचा. खुराचे ठोके उत्तरापर्यंत आले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तिथेच थांबायचा. गंमत म्हणजे हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल रोखता येईना.

मला या गोष्टीतला हान्स फार आवडतो. गणित येत नसेल, पण समोरच्या माणसाचं डोकं केसभर हललेलं त्याला दिसत होतं!

एक डॉलर, तीन प्रश्न

अमेरिकेत व्हर्जिनियातली लेडी वंडर ही घोडी नाकाने अक्षरं दाखवून उत्तरं द्यायची. भाव होता एका डॉलरला तीन प्रश्न. 1956 साली मिलबर्न ख्रिस्तोफर हा जादूगार तिच्याकडे गेला. वहीवर 9 लिहितोय असा हात त्याने फिरवला, पण पेन्सिल कागदाला टेकवली फक्त उभ्या रेघेपुरती. म्हणजे कागदावर उमटला 1. घोडीचं उत्तर आलं 9! पेन्सिलीची हालचाल बघून मालकीण घोडीला इशारा करत होती.

सगळ्यांना एकच भविष्य

1948 साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना 'खास तुमच्यासाठी' म्हणून स्वभाववर्णन वाटलं. ते किती अचूक आहे, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मजकूर मात्र सगळ्यांना एकच दिला होता. कम्युनिकेटरचं 'तुमचा मोती फार हळवा आहे, घरातल्या एका व्यक्तीवर त्याचा विशेष जीव आहे' हे वाक्य कुठल्या घरात खोटं ठरेल?

'बघा, चोराच्या मनात चांदणं!'

चप्पल फाडलेली दिसते, मोती कान पाडून कोपऱ्यात बसतो, आणि आपण म्हणतो, याला चूक कळली. 2009 साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासलं. कुत्र्याने खाऊ पळवला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. तो 'अपराधी' चेहरा चुकीशी जुळलाच नाही. मालक रागावला की चेहरा पडायचा. काहीही न केलेल्या, पण ओरडा खाणाऱ्या कुत्र्यांचा तर जास्तच. म्हणजे मोती तुमचा राग वाचतोय. निष्पाप जिवाला रोज ओरडा बसत असेल तर ते आधी थांबवा.

शेपटी डावी की उजवी?

2007 च्या एका इटालियन अभ्यासात, मालक दिसला की कुत्र्यांची शेपटी त्यांच्या उजव्या बाजूला जास्त हलली आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. शेपटी हलतेय म्हणजे स्वारी खूश, हे दर वेळी खरं नाही. झोप नसताना येणाऱ्या जांभया, सारखं ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर ही बऱ्याचदा अस्वस्थतेची लक्षणं असतात. पाहुण्यांचं पोर मोतीच्या गळ्यात पडलेलं असताना हे दिसलं, तर पोराला अलगद बाजूला घ्या.

म्याऊ खास तुमच्यासाठी

मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याऊ करत नाहीत. ते बोलणं मुख्यतः माणसांशी. आपलं नाव त्यांना इतर शब्दांपासून वेगळं ओळखू येतं, हे 2019 च्या जपानी अभ्यासात दिसलं. आणि 2020 च्या ब्रिटिश अभ्यासानुसार, मांजरांकडे बघून डोळे हळूहळू मिटले-उघडले की तीही बऱ्याचदा तसंच उत्तर देतात. आज रात्री करून बघाच!

भिंतीकडे बघतेय? भूतबीत काही नाही

आपला कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा 45,000 च्या आसपास, मांजराचा 60,000 च्याही पुढे. भिंतीमागचा उंदीर मनीला ऐकू येतो, आपल्याला नाही. आणि रात्री कुत्रं रडलं म्हणजे अशुभ? ती बऱ्याचदा लांबच्या भाईबंदांना घातलेली साद असते.

कम्युनिकेटरकडे जाणाऱ्यांची तळमळ खरी असते. गेलेल्या प्राण्याची आठवण काढून कुणाला तिथे धीर मिळत असेल, तर त्यात काही वावगं नाही. आजाराचं निदान मात्र फोटोवरून होत नाही. मांजर वेदना लपवते, दुखत असतानाही गुरगुरते. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर तो रुसलेला नसतो. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. तडक दवाखाना गाठा. बाकी विचित्र वागण्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, कधी आणि कशानंतर घडतं ते टिपून ठेवा आणि दोन्ही पशुवैद्यांना दाखवा.