नियतकालिकांचे जुने अंक आणि ग्रंथस्वामित्व

जुनीं मराठी पुस्तकें चाळणाऱ्यास, पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें नोंदविल्याची ओळ चांगली परिचयाची असते. ठराविक फी भरल्यास ही नोंद १८४७ च्या २० व्या आक्टाखालील ग्रंथस्वामित्वाची नोंद म्हणूनहि चालत असे. त्या आक्टानें हक्काची मुदत ग्रंथकाराचें आयुष्य व पुढें ७ वर्षें, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षें, यांपैकीं जी अधिक ती, अशी ठरविली होती. अशा ओळींवरून वाचकांचा समज झाला तो हा कीं, मुखपृष्ठावर ज्या प्रकाशकाचें नांव तोच पुस्तकाचा धनी. संशोधन-संस्था आपले जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवूं लागल्यापासून हा समज महाग पडण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. अंक संस्थेनें छापला, कागदाचा खर्च संस्थेनें सोसला, शिल्लक प्रती तिच्याच कपाटांत आहेत. मग त्यांतील लेख जगापुढें ठेवण्याचा अधिकार तिला आहे कीं नाहीं?

लेखी दस्तऐवज नसेल तर बहुधा नाहीं, असेंच उत्तर द्यावें लागतें. ग्रंथस्वामित्व, ज्यास हल्लीं कॉपीराइट किंवा प्रताधिकार म्हणतात, तें दुसऱ्यास द्यावयाचें तर देणाराच्या सहीचा लेख पाहिजे, ही अट १९१४ च्या कायद्यांत होती व १९५७ च्या कायद्यांतहि आहे. लेखकानें लेख पाठविला यावरून तो त्या अंकांत छापण्याची अनुज्ञा निष्पन्न होते. मालकी निष्पन्न होत नाहीं. पगारी नोकरानें नियतकालिकासाठीं लिहिलें असेल, तर त्या प्रकाशनापुरती मालकाची मालकी कायदा मानतो. परंतु संशोधकांचे लेख असे पगारी कोठून असणार? पूर्वींचा व्यवहार पोस्टकार्डावर व परस्पर विश्वासावर चालला, आणि त्या विश्वासाचा लेखी पुरावा आज दप्तरांत सांपडत नाहीं. संपूर्ण अंकाची जुळणी हा एक स्वतंत्र हक्क आहे खरा. पण त्यानें आंतील लेखांची मालकी संस्थेकडे येत नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न मुदतीचा. १९५७ च्या कायद्यानें ती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षें होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले, म्हणजे त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपण्यास तीन दिवस असतां, २८ डिसेंबर १९९१ रोजीं, वटहुकूम निघून मुदत ६० वर्षें झाली. जे हक्क तत्पूर्वींच संपले होते ते मात्र पुन्हां जिवंत झाले नाहींत. आतां हें आपल्या मंडळींस लावून पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं निवर्तले. त्यांचें लेखन केव्हांच मुक्त झालें. रियासतकार सरदेसाई १९५९ सालीं वारले, त्यांचें १ जानेवारी २०२० पासून मुक्त आहे. शेजवलकर १९६३ सालीं, त्यांचें १ जानेवारी २०२४ पासून. दत्तो वामन पोतदार १९७९ पर्यंत हयात होते. त्यांच्या लेखनावरील हक्क २०३९ अखेर टिकेल. म्हणजे एकाच जुन्या अंकांत एक लेख मुक्त व शेजारचा बद्ध, अशी स्थिति असूं शकते. नांवाशिवाय किंवा टोपणनांवानें आलेल्या लेखांची मुदत प्रकाशनापासून मोजावयाची. पण मुदतीच्या आंत लेखक कोण हें उघड झालें कीं गणित बदलतें.

सरकारी प्रकाशनांचा हिशेब आणखी निराळा. पेशवे दप्तराचे ४५ खंड सरदेसायांनीं संपादिले, परंतु १९३० ते १९३४ च्या दरम्यान ते प्रसिद्ध केले मुंबई सरकारनें. तेथें मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून धरावयाची. त्यामुळें सरदेसायांच्या स्वतःच्या ग्रंथांच्या निदान पस्तीस वर्षें आधीं हे खंड मुक्त झाले.

मूळ कागदांविषयीं आमच्या मंडळींत फारच गोंधळ आढळतो. कागद ज्याच्या पेटींत तो त्या कागदाचा मालक, मजकुराचा नव्हे. लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयांतील वा संग्रहालयांतील अप्रकाशित लेखन, लिहिणाऱ्याच्या मृत्यूस ६० वर्षें उलटलीं असल्यास, संशोधनासाठीं किंवा प्रसिद्ध करण्याच्या हेतूनेंहि उतरून घेण्यास कायद्याची मोकळीक आहे. मग मोडी कागदाचें बालबोध लिप्यंतर करणाराचा हक्क कोणता? ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं ठरविलें कीं, केवळ श्रम व खर्च केल्यानें हक्क उत्पन्न होत नाहीं, बुद्धीची व निवडीची कांहीं छटा त्यांत पाहिजे. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर त्यामुळें सर्वांस खुला राहिला. पण संपादकांनीं विचारपूर्वक पाडलेले परिच्छेद व त्यांचे अंतर्गत संदर्भ यांस रक्षण मिळालें. माझ्या मतें हाच दंडक आपल्या साधनग्रंथांस लागू पडेल: अक्षरशः नक्कल सर्वांची, तिथिनिश्चय, टीपा व प्रस्तावना संपादकाच्या. ज्यांनीं फाटक्या कागदांवर डोळे फोडले त्यांस हें कठोर वाटेल, तथापि स्कॅन केलेल्या चित्रावर आडवा शिक्का मारून दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र आपलेंच म्हणणाऱ्या संस्थांस त्यानें आळा बसतो, हें मला इष्ट दिसतें.

बद्ध लेखांचें काय करावें? २०१२ च्या दुरुस्तीनें दोन गोष्टी सांगितल्या आहेत. करार झाला त्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांत किंवा व्यापारी वापरांत नव्हतें, त्याचा करारांत स्पष्ट उल्लेख नसेल तर तें त्यांत येत नाहीं. तेव्हां नवा करार करतांना माध्यमाचें नांव घालावें. मुदत लिहावी, नाहींतर ती पांच वर्षेंच धरली जाते; प्रदेश लिहावा, नाहींतर तो भारतापुरताच. दुसरें असें कीं, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील छापील प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठीं ठेवतां येते. म्हणजे वाळवीपासून अंक वांचविण्यास कोणाची परवानगी नको. तो जगास वाचावयास देण्यास मात्र हवी. फाइलींत कृतीचें व हक्कधारकाचें नांव आणि अटी गुंफून ठेवल्यास ती माहिती जाणूनबुजून पुसणें हा दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. म्हणून प्रत्येक लेखामागें लेखकाचें नांव, मृत्यूचें वर्ष, वारस व परवानगीचें पत्र अशी नोंदवही आधीं व्हावी, स्कॅनिंग मागाहून.

वारस न सांपडल्यास परवान्यासाठीं अर्ज करतां येतो; परंतु त्यापूर्वीं देशाच्या बहुतांश भागांत खपणाऱ्या इंग्रजी दैनिकांत जाहिरात द्यावी लागते. स्थानिक भाषेंतील जाहिरातीची सक्ति केवळ भाषांतरापुरती आहे. वाईच्या एखाद्या शास्त्र्याच्या नातवास ती इंग्रजी जाहिरात दिसण्याचा संभव किती, हें सांगावयास नको. संस्थेनें ती मराठी पत्रांतहि द्यावी, आणि लेखकाच्या गांवीं एक पत्र पाठवून पाहावें.