एटीएम जाळ्यावरून दूरच्या उपकरणांची देखभाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूरसंचार जाळ्यांतली एटीएम पद्धत (बँकेच्या यंत्राशी तिचा संबंध नाही) सगळी माहिती ५३ बाइटच्या सेलमध्ये कापून नेते: ५ बाइट हेडर, ४८ बाइट माहिती. दूरच्या केंद्रातला राउटर किंवा डीएसलॅम (अनेक डीएसएल जोडण्या एकत्र करणारं उपकरण) मुख्यालयातून सांभाळायचा, तर देखभालीची आयपी पॅकेटंही याच सेलमधून जातात. त्याविषयीच्या चुकीच्या समजुतींपायी तंत्रज्ञांना लांबवर नाहक हेलपाटे पडतात.

गैरसमज: वाटेतल्या प्रत्येक स्विचला आयपी मार्ग माहीत असावा लागतो.
वस्तुस्थिती: स्विच फक्त सेलच्या हेडरमधली व्हीपीआय-व्हीसीआय ही आकड्यांची जोडी बघतो आणि सेल पुढे ढकलतो. आयपी पत्ता वाचला जातो तो आभासी सर्किटच्या दोन टोकांना.

गैरसमज: दोन्ही टोकांना व्हीपीआय-व्हीसीआय सारखेच हवेत.
वस्तुस्थिती: हे आकडे एकेका दुव्यापुरतेच असतात, स्विच ते बदलू शकतो. बीएसएनएलच्या मोडेममध्ये अनेकांनी भरलेला ०/३५ हा आकडा मोडेम ते डीएसलॅम एवढ्याच टप्प्याचा. दोन्ही टोकांना जुळायलाच हवं ते एन्कॅप्सुलेशन, म्हणजे पॅकेट गुंडाळण्याची पद्धत. एकीकडे एलएलसी-स्नॅप आणि दुसरीकडे व्हीसी-मक्स असेल, तर सेल पोहोचतात, पण त्यांतून पॅकेट नीट निघत नाही.

गैरसमज: सर्किट चालू आहे, म्हणजे उपकरण गाठता येणारच.
वस्तुस्थिती: ओएएम लूपबॅकला (सर्किट तपासणाऱ्या चाचणी-सेलला) उत्तर आलं, तर सर्किट धड आहे एवढंच कळतं. नेहमीचा अनुभव असा की मुख्यालयाकडच्या राउटरवरून पिंग लागतं, देखरेखीच्या सर्व्हरवरून लागत नाही. राउटर उपकरणाच्याच सबनेटमध्ये असतो, त्यामुळे त्याला उत्तर मिळतं. सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये असतो आणि तिकडे परतण्याचा मार्ग दूरच्या उपकरणात कुणी भरलेलाच नसतो. पॅकेट तिथवर पोहोचतं, उत्तर मात्र तिथेच अडतं.

गैरसमज: देखभालीची रहदारी थोडी असते, तिला हमीची बँडविड्थ कशाला?
वस्तुस्थिती: १५०० बाइटच्या पॅकेटवर एलएलसी-स्नॅपचे ८ आणि एएएल-५चे ८ बाइट चढले की ३२ सेल लागतात. त्यातला एक जरी हरवला, तरी सीआरसी तपासणीत सगळं पॅकेट बाद होतं. यूबीआर सेवेत किमान क्षमतेची हमी नसते आणि गर्दी झाली की सेल गळतात. उपकरणापर्यंत पोहोचायची निकड नेमकी तेव्हाच असते. म्हणून देखभालीच्या सर्किटला थोडी का होईना, हमीची क्षमता राखून ठेवावी.

गैरसमज: पीव्हीसी (कायमस्वरूपी आभासी सर्किट) खासगी आहे, म्हणजे सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती: पीव्हीसीमुळे रहदारी वेगळी राहते, एन्क्रिप्ट होत नाही. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीत आणि २सी आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग उघडी जाते. प्रमाणीकरण आणि एन्क्रिप्शन सुरू करून तिसरी आवृत्ती वापरावी, शिवाय ठरावीक सर्व्हरनाच प्रवेश द्यावा.

बिघाड शोधताना क्रम पाळावा: आधी लूपबॅक, मग एन्कॅप्सुलेशन, मग जाण्याचा आणि परतीचा मार्ग, शेवटी एसएनएमपी. असा खालून वर तपास केला, तर दोष कुठल्या थरात आहे ते बहुतेकदा जागेवरूनच कळतं आणि तंत्रज्ञाला पाठवायचंच झालं, तर काय दुरुस्त करायचं ते ठाऊक असतं.